मेसेज माझ्या फोनवर येतो

२ मार्च, सोमवार

आज जेवणाच्या सुट्टीआधी कारखान्याच्या हिशेबनिसाने सगळ्यांना लाकडाच्या थप्पीजवळ बोलावलं आणि सांगितलं, या महिन्यापासून पगाराचं पाकीट बंद. पैसे थेट बँकेत जमा होतील आणि ज्याला त्याला कार्ड मिळेल. सुतारांमधल्या एकाला आम्ही रंधा म्हणतो, कारण त्याच्या जिभेखालून कुणी न सोलता सुटत नाही. तो म्हणाला, "म्हणजे पगाराच्या दिवशी घरी काय दाखवायचं? तोंड?" सगळे हसले. मीही हसलो, पण हातातला कापडाचा बोळा जागच्या जागी राहिला आणि खुर्चीच्या पाठीवर पॉलिशचा डाग उमटला. तो घासून काढण्यात दुपार गेली.

लग्न झाल्यापासून मी पाकीट कधी फोडलं नाही. देवापुढे ठेवायचं, हात जोडायचे आणि हिच्या हातात द्यायचं. त्यातून ती घर कसं चालवते हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. गावच्या शाळेतले आमचे गुरुजी म्हणत, ज्या घरात नवरा-बायको एकमेकांना पैशाचा जाब विचारत नाहीत, तिथे देवाला वेगळी जागा करावी लागत नाही. रोजनिशी लिहायची सवयही त्यांचीच.

घरी येऊन हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मग आता तुम्ही मला काय देणार?"

"कार्ड देईन की."

"कार्डाचे सुटे होतात का हो?" असं म्हणून ती पुन्हा भाजीकडे वळली.

८ मार्च, रविवार

जावई येऊन गेला. लेक त्याचं घर सोडून गेली त्याला आता सात-आठ महिने झाले, पण त्याने आमच्याशी वागण्यात कमी केलेलं नाही. येताना फळं घेऊन येतो, आवाज चढवत नाही. लेक मात्र माझ्यासारखीच हट्टी. घर सोडून ती आधी आमच्याच दारात आली होती, नात कडेवर झोपलेली. मी म्हटलं, तू आधी तुझ्या घरी जा, मग माहेरी ये. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा मीच म्हटलं की शेजारी ऐकतील. त्यानंतर ती तिकडेही गेली नाही आणि इकडेही आली नाही. शिंप्यांच्या गल्लीमागे खोली घेऊन राहते, औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांना लेबलं लावते. एवढ्याशा पगारात दोघींचं कसं भागवते, देव जाणे.

जावई मोठ्या दुकानाच्या दारात टेबल मांडून कार्डंच विकतो, म्हणून त्यालाच विचारलं. त्याने छान समजावलं. "बाबा, डेबिट म्हणजे आपलं आपण खायचं. क्रेडिट म्हणजे आधी खायचं, मग फेडायचं. आणि रोख म्हणजे भोक पडलेला खिसा. कुठे गेली ते कळतच नाही."

मला क्रेडिट कार्डही काढून देतो म्हणाला, माझ्यासारख्याला लगेच मिळेल. मी म्हटलं, नको रे बाबा, अंथरूण पाहून पाय पसरावेत.

"बरं. पण मेसेज तुमच्या फोनवर लावून घ्या. खर्च झाला की तुम्हाला लगेच कळेल. आणि आईंना रोख काढायला लावू नका. आई मनाने मोकळ्या आहेत, कुणी हात पसरला की देऊन टाकतात." मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "त्यांच्या हातात महिन्याला किती उरतात हो?"

मी म्हटलं, मला काय माहीत. तो "आं?" म्हणाला आणि हसला. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

ही स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. भांडी मात्र अशी वाजवत होती की पाहुण्याने काय ते समजावं. तो गेल्यावर म्हणाली, "या तुमच्या शहाण्याने पोरीच्या नावावर क्रेडिट कार्ड काढलं आणि भिंतीएवढा टीव्ही आणला. हप्ते अजून तिच्या पगारातून कापले जातात. हे कुणाचं कुणी खाल्लं?"

"टीव्ही घरातच आहे ना? त्याने दारू तर ढोसली नाही."

"दारू ढोसली असती तर निदान पडून तरी राहिला असता. शुद्धीत मारतो तो."

हे ती नेहमीच म्हणते. लेकीच्या तोंडून मी ऐकलेलं नाही आणि एका बाजूचं ऐकून न्याय करू नये. भांड्याला भांडं लागायचंच.

१२ मार्च, गुरुवार

बँकेत गेलो. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र माझे ठसे घेईना. इतकी वर्षं लाख आणि स्पिरिट चोळून बोटं गुळगुळीत झाली आहेत. खिडकीतली बाई कंटाळून म्हणाली, "काका, तुम्ही आहात हे नक्की ना?" शेवटी सहीवर भागवलं.

तिने विचारलं, "खातं दोघांच्या नावावर करू का? काकूंना आणायला लागेल एकदा."

मी म्हटलं, "कशाला? घर एकच आहे."

कार्ड घरी आणून देवापुढे ठेवलं. पाकीट हाताला जड लागायचं. हे पानासारखं हलकं. नमस्कार करताना मनाला काही लागलं नाही.

१५ मार्च, रविवार

हिला घेऊन किराणा दुकानात गेलो, कार्ड कसं मारायचं ते शिकवायला. किराणावाला आमचा जुना. सुतळी बांधलेला चष्मा छातीवर लोंबत असतो, बोलतो कमी. त्यानेही यंत्र नवीनच आणलं आहे. हिने पिन दाबताना दोनदा चूक केली आणि मागच्या बाईची माफी मागितली. मागची बाई म्हणाली, "होतं हो, माझ्याही बोटांना अजून सवय नाही."

भाजीवाली कार्ड घेत नाही. चप्पल शिवणारा घेत नाही. तेवढ्यासाठी रोज सकाळी थोडे सुटे देईन, असं मी हिला सांगितलं. रोख काढायची नाही, काही लागलं तर मागायचं. आज सकाळी तिने हात पुढे केला आणि मी त्यावर पैसे ठेवले. इतक्या वर्षांत प्रथमच तिने माझ्यापुढे हात केला. खरं लिहायचं तर मला अवघडल्यासारखं झालं. आणि तेवढंच खरं हेही लिहायला हवं की कुठेतरी बरंही वाटलं.

२७ मार्च, शुक्रवार

कपाटाच्या दारांना पॉलिशचा तिसरा हात चालू असताना खिशात फोन वाजला. ही किराणा दुकानात. परवा ही औषधाच्या दुकानात होती, तेही मला इथे बसून कळलं. रंधाला दाखवलं. त्याने मेसेज वाचला आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "अरे, तू बायकोचा नवरा होतास, सासू कधी झालास?"

सगळे हसले. मी म्हटलं, यात लपवण्यासारखं काय आहे?

"तेच म्हणतोय. माझ्या बायकोला माझी बिडी कळते, मला तिची भिशी कळते, आणि दोघं गप्प बसतो. त्याला संसार म्हणतात, पॉलिशवाले!"

तो असाच बोलतो.

९ एप्रिल, गुरुवार

किराण्याचा खर्च वाढला आहे. महागाई धरूनही वाढला आहे. दोन माणसांच्या घरात महिन्यात दोनदा तेलाचा मोठा डबा कसा लागेल? ही बाहेर गेली असताना फळीवर पाहिलं. तेलाचा एकच डबा, तोही निम्मा. साबणाच्या दोन वड्या. साखर चार दिवसांची.

असं डबे उघडून बघणं मला शोभत नाही, हे बघतानाच कळत होतं. झाकणं पुन्हा तशीच लावली. एक उलटं लागलं असावं, कारण संध्याकाळी हिने ते हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

जावयाचा फोन आला होता. त्याला सहज सांगितलं. त्याने दुकान कुठलं ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "दुकानदार असेच असतात, बाबा. कार्डवाल्या गिऱ्हाइकाचं बिल फुगवतात. चार लोकांत खडसावा, म्हणजे पुन्हा हिंमत होणार नाही." मुलगा व्यवहारातला आहे.

१८ एप्रिल, शनिवार

आज मी दुकानात गेलो. संध्याकाळची गर्दी होती, मी मुद्दाम तीच वेळ निवडली. किराणावाल्याला म्हटलं, "काय हो, आम्ही दोघं माणसं तेलात पोहतो की काय? माल निम्मा आणि बिल दुप्पट?"

तो म्हणाला, "काहीतरी गैरसमज झालाय. घरी विचारा."

"घरी काय विचारू? घर माझं आहे. वजनात मारत होतात तेवढं पुरेना, आता कार्डावरही चोरी?"

लोक थांबले. एक जण म्हणाला, "बोला बोला, काका, आमचंही बघा जरा." किराणावाल्याने तराजूचं पारडं पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. मग त्याने गल्ला उघडला, मी सांगितली तेवढी रक्कम काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "हे घ्या. आणि आवाज खाली करा. वहिनींना या दुकानात यायचं असतं."

मी पैसे उचलले. परत येताना वाटेवरच्या देवळात पेटीत टाकले. म्हटलं, सत्याचे आहेत, सत्याच्या घरी जाऊ देत. आज जप करताना मन शांत होतं.

१९ एप्रिल, रविवार

शांत कसलं.

ही सकाळी दुकानात गेली आणि रिकाम्या पिशवीने परत आली. पिशवी खुंटीला लावून माझ्यासमोर बसली. चेहरा उतरला होता, पण आवाज नव्हता चढला.

"त्यांनी एक पैसा खाल्लेला नाही. मी कार्ड मारायचे जास्तीचं, ते मला वरचे पैसे रोख द्यायचे. वर एक छदाम घेतला नाही. काल तुम्हाला दिले ते त्यांनी खिशातून दिले. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मला दिलेच होते."

मी विचारलं, पैसे कुठे गेले?

"पोरीच्या खोलीचं भाडं. पगारातून टीव्हीचे हप्ते जातात, उरलेल्यात पाळणाघर आणि पोट. भाडं मी भरते. ती खोलीत आली तेव्हापासून. पाकिटातून उरवून भरत होते, कुणाला पत्ता नव्हता, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पाकीट होतं तोवर मला कुणाशी खोटं बोलावं लागलं नाही. तुमच्या या कार्डाने मला खोटं बोलायला लावलं."

मला चोरी पकडल्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. आलं ते वेगळंच. इतके महिने हे दोघींमध्ये चालू होतं आणि मी देवापुढे दिवा लावून लेकीच्या जिद्दीचं कौतुक करत होतो.

२२ एप्रिल, बुधवार

तीन दिवस विचार केला. आपण भाडं भरतो म्हणून ती वेगळी राहते. वेगळी राहते म्हणून तिचं घर मोडतं. म्हणजे घर मोडण्याचा खर्च माझ्या घामातून चालला आहे. नवरा-बायकोत तिसऱ्याने वाट करून दिली की ते आपली वाट शोधत नाहीत. जावईही परवा हेच म्हणाला. म्हणाला, "बाबा, मला फक्त तिने परत यायला हवंय. तिला बाहेरून कोण पोसतंय तेवढं थांबलं तर ती येईल." मी त्याला सांगून टाकलं, की ते कुठून जात होतं ते मला कळलं आहे.

सांगायला नको होतं का? तो आनंदाने "हो का?" म्हणाला, तो आवाज कानात राहिला आहे.

देवापुढे बराच वेळ बसलो. काय करू ते विचारलं. देव काही बोलला नाही. मी तो होकार धरला.

हिच्याकडून कार्ड परत घेतलं. बाजारहाट आता मी करेन. ती म्हणाली, "पाच तारखेला भाडं द्यायचंय. या एका महिन्याचं तरी द्या. मग मी बघते काहीतरी." मी म्हटलं, तिला घर आहे. हिने कार्ड माझ्या हातात दिलं नाही, जमिनीवर ठेवलं. मला वाकून उचलावं लागलं.

३० एप्रिल, गुरुवार

दुसऱ्या गल्लीतल्या मोठ्या दुकानातून सामान आणतो. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. ही ताट वाढते आणि बाजूला होते. विचारलं तर "हं" म्हणते. काल मी साबण चुकीचा आणला, तरी "हं".

७ मे, गुरुवार

देवाने ऐकलं. लेक काल नवऱ्याच्या घरी परत गेली. जावयाचा फोन आला. "बाबा, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, उपकार कसले, माझीच लेक. सुट्टीच्या दिवशी भेटायला येतो म्हटलं.

कालच मिठाई आणली. कार्ड मारताना दुकानातल्या मुलीने विचारलं, "काही शुभकार्य का?" मी हो म्हटलं.

हिने मिठाईचा पुडा उघडला नाही. मुंग्या लागल्या तेव्हा तसाच उचलून बाहेर ठेवला. आज मात्र ती एक वाक्य बोलली. म्हणाली, "तुमच्या देवाला विचारा, तो मेसेज कुणाच्या फोनवर पाठवतो."

हे बोलणं मला लागलं. देवाला मध्ये आणायला नको होतं.

१७ मे, रविवार

आज जावयाकडे गेलो. हीसुद्धा आली, न बोलता. नातीला द्यायला म्हणून मी काल यंत्रातून थोडी रोख काढली होती.

टीव्ही खरंच भिंतीएवढा आहे. आम्ही होतो तेवढा वेळ तो चालू होता, त्यामुळे सगळ्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. नात टेबलाखाली बसली होती. मी हाक मारली तर तिने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लेकीने या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा झगा घातला होता. मी म्हटलं, उकडत नाही का गं? ती म्हणाली, "सवय झाली."

जावई खुशीत होता. बोलता बोलता त्याने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातलं एक कार्ड मला दाखवलं. "हे हिचं. पगार इथेच येतो. कार्ड माझ्याकडे असतं, मेसेज माझ्या फोनवर. तिला कशाला डोक्याला ताप? काही लागलं तर मागते की. बाबा, तुमचंच बघून शिकलो."

ही मोठ्याने हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. जावईही तिच्याबरोबर हसायला लागला, त्याला वाटलं त्याचं बोलणं आवडलं. ती थांबेचना. शेवटी लेकीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा थांबली.

पाणी प्यायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेलो. लेक मागोमाग आली. मी खिशातल्या नोटा घडी करून तिच्या मुठीत कोंबल्या. तिने मूठ मिटली नाही.

"बाबा, कुठे ठेवू?"

"डब्यात ठेव एखाद्या."

"डबे बघतात."

"कपड्यांत?"

"रोज झटकून बघतात. पोरीचेसुद्धा." तिने नोटा माझ्या खिशात परत ठेवल्या आणि खिशाचं बटण लावलं.

मग मी विचारलं. बाहेर टीव्ही जोरात होता, म्हणून मला तिच्या कानाशी जावं लागलं. तो तुला मारतो का?

"बाबा, हे तेव्हा दारात विचारायला हवं होतं. आता विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल."

"चल, आत्ताच्या आत्ता निघू."

"पोर त्याच्या मांडीवर आहे. पाहिलंत ना?" खरंच, इतक्यात त्याने नातीला टेबलाखालून ओढून मांडीवर घेतलं होतं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत तिला झोका देत होता.

निघताना तो खाली रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी त्याच्या तोंडावर काही बोलू शकलो नाही. बोललो असतो तर आम्ही निघून गेल्यावर त्याची किंमत कुणी मोजली असती? हे मला तेव्हाच सुचलं की नंतर, आता सांगता येत नाही. कदाचित मी फक्त घाबरलो होतो.

बसमध्ये हिने बटण लावलेल्या माझ्या खिशाकडे एकदा पाहिलं, तेवढंच.

१८ मे, सोमवार

किराणावाल्याचे पैसे परत द्यायला गेलो. दुकान रिकामं होतं. चार लोकांत चोर म्हटलं आणि एकट्याला गाठून क्षमा मागितली, हेही नोंदून ठेवतो.

त्याने पैसे न मोजता गल्ल्यात टाकले. म्हणाला, "वहिनी आल्या होत्या मेच्या सुरुवातीला. भाड्यापुरते उसने मागत होत्या. खोलीच्या मालकिणीने पोरीचं सामान बाहेर काढायची भाषा केली होती म्हणे. पैसे होते हो माझ्याकडे. पण तुम्ही त्या दिवशी जे बोललात, त्यानंतर माझी छाती झाली नाही. म्हटलं, उद्या हा माणूस पोलीस घेऊन यायचा. मी नाही म्हणालो." चष्मा पुसत राहिला. "मला झोप नाही तेव्हापासून. तुम्हाला लागते का?"

मी सामान काही घेतलं नाही. काय घेऊ म्हणून विचारायचीही त्याने तसदी घेतली नाही.

२० मे, बुधवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून शिंप्यांच्या गल्लीमागे गेलो. लेक तिथे राहायची, पण मी ती गल्ली आज पहिल्यांदा पाहिली. अरुंद जिना, वर एक खोली, खिडकीच्या गजांना बांधलेली दोरी, दोरीला लहान मुलाचा एक मोजा. खोली अजून कुणी घेतलेली नव्हती.

मालकीण तोंडाने फटकळ. "तुम्ही कोण?"

"मुलीचा बाप."

"अगंबाई! तिला बाप आहे? मला वाटलं, आईच तेवढी शिल्लक आहे."

मी ऐकून घेतलं. या महिन्याचं भाडं देतो, खोली ठेवा म्हटलं. कार्ड पुढे केलं.

"हे काय करू? भाजून खाऊ? रोख आणा." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "ती मुलगी गेली तेव्हा मी सामान बाहेर काढलं नव्हतं हो. नुसतं बोलले होते. आमचंही पोट आहे. पण ती म्हणाली, मावशी, आता आईकडे काही उरलं नाही, तिला आणखी हात पसरायला लावू नका. आणि स्वतःच गेली."

कोपऱ्यावरच्या यंत्रातून रोख काढून आणली. फोन वाजला. माझ्याच खर्चाचा मेसेज मलाच आला. मालकिणीने नोटा उजेडात धरून पाहिल्या आणि किल्ली दिली.

२१ मे, गुरुवार

सकाळी किल्ली हिच्यापुढे ठेवली. कसली ते सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान बोलेल. तिने किल्ली उचलली, चूल आवरली आणि आतल्या खोलीत गेली. संध्याकाळी कामावरून आलो तर दारात वळकटी, दोन पातेली आणि तिचे कपडे बांधलेले.

"कुठे निघालीस?"

"खोलीवर."

"अगं, पण ती तर तिकडे आहे. तू तिथे एकटी काय करणार?"

"ती आज ना उद्या पोर उचलून पळेल. मला तिचा स्वभाव ठाऊक आहे. पळून आली आणि खोलीला कुलूप दिसलं, तर कुठे जाईल? परत तिथेच."

"आपलं घर आहे की."

"या दारात ती एकदा उभी राहून गेली आहे." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी म्हटलं, मी पण येतो. ती म्हणाली, "तुम्ही इथेच राहा. तो तिला शोधायला आधी इथे येईल. तेव्हा निदान खोटं बोला." मग वळकटी उचलत म्हणाली, "पुढचं भाडं रोखच लागेल. कपडे इस्त्री करायचं काम धरलंय मी, तरी पहिले दोन महिने पुरणार नाही. आणून द्याल?"

आणून देईन म्हटलं. पातेली मी जिन्यापर्यंत पोचवली. त्याच्या पुढे तिने नेऊ दिली नाहीत.

१ जून, सोमवार

पगार जमा झाला. कारखान्यात फोन वाजला तेव्हा रंधा म्हणाला, "बघ, वहिनी बाजारात!" मी फोन खिशात टाकला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

सगळी रोख काढली आणि संध्याकाळी खोलीवर गेलो. हिने भाड्यापुरत्या नोटा घेतल्या आणि बाकीच्या परत दिल्या. म्हणाली, एवढंच लागतं. हाताला इस्त्रीचा चटका बसलेला दिसला. जमिनीवर तीन अंथरुणं घातली होती, मधलं लहान.

"आली नाही?" मी विचारलं.

"नाही."

"निरोप काही?"

"नाही. गेल्या आठवड्यापासून कामावरही येत नाही म्हणतात तिकडे."

मी जिन्यात उतरलो आणि मागे पाहिलं. हिने दार ओढून घेतलं, पण आतून कडी लागल्याचा आवाज आला नाही. क्षणभर वाटलं, कडी माझ्यासाठी काढून ठेवली आहे.